खासदाराच्या शब्दाचा हिशेब

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला पूल महापुरात वाहून गेला. जयगड व राजापूरहून मुंबईकडे निघालेल्या एस. टी. च्या दोन गाड्या आणि आणखी काही वाहने त्या अंधारात नदीच्या पोटात नाहीशी झाली. चाळीसच्या घरात माणसे गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची तपासणी होऊन तो धोकादायक नसल्याचे ठरले होते, ही माहिती खुद्द राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच नंतर विधिमंडळात दिली. दिल्लीस त्या वेळी संसदेचे पावसाळी अधिवेशन चालू होते. आज कोणी सोळाव्या लोकसभेच्या नोंदी उघडून, या भागाचे तेव्हाचे खासदार श्री. अनंत गीते यांनी या पुलाविषयी कोणता प्रश्न विचारला हे शोधू लागेल, तर त्यास तो सापडणार नाही. किंबहुना त्या सबंध पाच वर्षांत गीते यांनी विचारलेला एकही प्रश्न त्यास सापडणार नाही.

हे वाचून कोणी संतापेल तर तो संताप अनाठायी होय. गीते २०१४ ते २०१९ या काळात मध्यवर्ती सरकारात अवजड उद्योगमंत्री होते. मंत्री सभागृहात प्रश्न विचारीत नाहीत, ते प्रश्नांची उत्तरे देतात. मंत्र्याने हजेरीपटावर सही करावयाची नसते, म्हणून हजेरीच्या रकान्यातही त्यांच्या नावापुढे काही नाही. पण हा खुलासा ऐकून ज्याचे समाधान होईल त्यास आम्ही एक प्रश्न विचारू. गीते यांच्यावर ठपका नाही हे खरे. परंतु म्हणून महाड-पोलादपूरच्या मतदाराचे नुकसान झाले नाही असे म्हणता येईल काय? आपला प्रतिनिधी मंत्री झाला म्हणून ज्या मतदारसंघाने गुलाल उधळला, त्याच मतदारसंघाने त्या दिवशी सभागृहातील आपला प्रश्न विचारणारा गमावला, ही गोष्ट आमच्याकडे कोणी बोलून दाखवीत नाही. पूल पडला तेव्हा त्याविषयी विचारण्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी प्रतिनिधीवर येऊन पडले.

खासदार लोकसभेत काय बोलतो, काय विचारतो, किती दिवस हजर राहतो, याची मोजदाद करण्याची प्रथा अलीकडे आपल्याकडे रूढ झाली आहे. २००५ साली दिल्लीत स्थापन झालेली ‘पीआरएस’ ही संस्था प्रत्येक सभासदाची हजेरी, प्रश्न, चर्चेतील सहभाग व खासगी विधेयके यांचे आकडे प्रसिद्ध करते, आणि निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रे, आमच्यासकट, त्या आकड्यांची कोष्टके छापून मोकळी होतात. या उद्योगाविषयी आम्हांस आदरच आहे. पूर्वी ज्या गोष्टीसाठी संसदेच्या ग्रंथालयात बसून कामकाजाचे जाडजूड खंड चाळावे लागत, ती आता पोलादपूर तालुक्यातील कापड्यासारख्या गावातला कॉलेजात जाणारा मुलगाही हातातल्या फोनवर पाहू शकतो. ही सोय लहान नव्हे. परंतु आकडा हाती आला म्हणजे हिशेब झाला, अशी जी समजूत सुशिक्षित वर्गात पसरत चालली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम हजेरीचेच पाहू. ज्यांनी आयुष्याचा काही भाग शाळेत हजेरीपट भरण्यात घालविला आहे, त्यांस ‘हजर’ या शब्दाची किंमत कोणी शिकविण्याची गरज नाही. पटावर हजर आणि वर्गात गैरहजर असे विद्यार्थी प्रत्येक शिक्षकास ठाऊक असतात. संसदेत तर हजेरी नोंदविल्याखेरीज दैनिक भत्ता मिळत नाही. म्हणजे ती नोंद मुळात भत्त्याची आहे, कामाची नव्हे. सही करून सभासद दिवसभर सभागृहात बसला की दहा मिनिटांत उठून गेला, हे त्या नोंदीवरून कळत नाही. ती ज्या दिवसांची आहे ते दिवस तरी किती? पहिल्या लोकसभेच्या, म्हणजे १९५२ ते १९५७ या काळात, ६७७ बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत त्या २७४ वर आल्या. पूर्ण मुदत संपविणाऱ्या लोकसभांतील हा नीचांक होय. शाळाच वर्षातून पंचावन्न दिवस भरत असेल तर शंभर टक्के हजेरीचे कौतुक कोणी कोणास सांगावे?

प्रश्नांची गोष्ट याहून अधिक बारकाईने समजून घेण्याजोगी आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित आणि दोनशेतीस अतारांकित प्रश्न येतात. तारांकितांपैकी थोड्यांचीच उत्तरे मंत्री उभे राहून देतात. बाकी सारी छापील कागदावर येतात. आलेल्या सूचनांतून कोणाचा प्रश्न घ्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरते. एकाच विषयावर अनेक सभासदांनी विचारले असेल तर त्या सर्वांची नावे एका प्रश्नाखाली एकत्र घालण्यात येतात. याचा परिणाम असा की, एका प्रश्नाचे श्रेय पाच-सहा सभासदांच्या खाती एकाच वेळी जमा होते. सतराव्या लोकसभेच्या प्रश्नयाद्या चाळल्या तर सुप्रिया सुळे, अमोल कोल्हे, सुभाष भामरे आणि रायगडचे सुनील तटकरे ही नावे एकाच प्रश्नाखाली ओळीने कितीतरी वेळा आढळतात. त्यांत निरनिराळ्या पक्षांचे लोक आहेत. यात नियमबाह्य असे काहीच नाही, आणि चिठ्ठीचा कौल आपल्याकडे वळावा म्हणून चार जणांनी मिळून एक प्रश्न द्यावा यात चतुराई असेल, लबाडी नाही. परंतु ‘आमच्या खासदाराने इतके शे प्रश्न विचारले’ असा फलक जेव्हा चौकात लागतो, तेव्हा त्यांतील किती प्रश्न आपल्या मतदारसंघाच्या मातीतून उगवले होते, हे विचारण्याचा अधिकार मतदारास राहतोच.

आकडा हा काही निरुपद्रवी पदार्थ नव्हे. ज्याची मोजणी होते त्याचे पीक वाढते. ब्रिटनमध्ये २००४ साली काही स्वयंसेवकांनी प्रत्येक सभासदाची भाषणे व मते सामान्य नागरिकास एका ठिकाणी पाहावयास मिळतील अशी व्यवस्था केली. ती लोकप्रिय झाली, आणि थोड्याच काळात अशी तक्रार ऐकू येऊ लागली की, नावापुढचा आकडा फुगावा म्हणून काही सभासद बिनमहत्त्वाचे प्रश्न आणि दोन-दोन वाक्यांची भाषणे करू लागले आहेत. आपल्याकडे प्रश्नाचा बाजार त्याहून उघडा होऊन गेला आहे. हंगामी संसदेतील मुंबईकडचे सभासद हु. गु. मुदगल यांना मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याबद्दल १९५१ साली जावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात अकरा सभासद बडतर्फ झाले. हे विकत घेतलेले प्रश्नही मोजणीत ‘प्रश्न’ म्हणूनच धरले गेले असते, हे विसरता कामा नये.

उलट बाजूने पाहू. महाड तालुक्यातील नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. ते अर्थमंत्री होते. तेव्हा त्यांच्याही नावापुढे प्रश्नांचा रकाना कोराच असणार. सरकारी विधेयके आणि अंदाजपत्रके ही त्यांची भाषणे खरी, पण ती अर्थखात्याची. कुलाब्याचा, आणि साऱ्या महाराष्ट्राचा, प्रतिनिधी म्हणून त्यांनी केलेले भाषण एकच. जुलै १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना लोकसभेत त्यांनी जे निवेदन केले ते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर करण्यात आला, हा त्यांचा आक्षेप होता. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे दुसरे शल्य होते. पंतप्रधानांच्या मनात महाराष्ट्राविषयी आकस आहे, असे त्यांनी पंतप्रधानांच्या समोर उभे राहून सांगितले. पंडित नेहरूंना ते मान्य नव्हते, आणि त्या वादाची दुसरी बाजूही कामकाजात नोंदलेली आहे. पण आजच्या कोष्टकात देशमुखांच्या नावापुढे काय लिहिले असते? प्रश्न शून्य, खासगी विधेयके शून्य, हजेरी लागू नाही. कुलाब्याच्या मतदाराने एवढ्यावरून त्यांना जोखावे, असे कोणी म्हणेल काय?

खासगी विधेयकाचेही तसेच. ती मांडणाऱ्यांची संख्या मोठी. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात अशी अवघी चौदा विधेयके कायद्यात उतरली, आणि त्यांतले शेवटचे १९७० साली. तेव्हापासून एकही नाही. मग ती मांडणे हा निव्वळ देखावाच म्हणावयाचा का? नाही. राजापूरचे बॅ. नाथ पै यांनी १९६७ साली घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकाराविषयी मांडलेले विधेयक मंजूर झाले नाही, पण त्याने साऱ्या देशातील कायदेपंडितांस विचार करावयास लावले. आणि त्याही आधीचा, थेट या भागाच्या जिव्हाळ्याचा दाखला हवा असेल तर १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक आठवावे. कोकणातील कुळांची मान ज्या पद्धतीच्या जोखडाखाली वाकली होती, ती मोडण्याचा तो प्रयत्न होता. ते विधेयक पार पडले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यान्वये. मधली बारा वर्षे कोष्टकात ‘मांडले, मंजूर नाही’ एवढ्या तीन शब्दांत संपतात. ज्यांनी ती बारा वर्षे खोताच्या वाड्यावर वेठ केली, त्यांच्या हिशेबात ती तशी संपत नाहीत.

मग मोजावे तरी काय, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर शोधावयास महाडकराने महाडच्या वेशीबाहेर जाण्याचे कारण नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा तो ठराव. सरकारने आपल्या खात्यांस तशी आज्ञा पाठविली. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे सर्वांस खुले केले. कागदोपत्री काही उणे राहिले नाही. कायदेमंडळातील सभासदाने ठराव मांडला, तो मंजूर झाला, सरकारने आज्ञा काढली, स्थानिक संस्थेने अंमल करण्याचे ठरविले. आजच्या पद्धतीने गुण द्यावयाचे झाले तर बोले यांना पैकीच्या पैकी मिळाले असते. आणि तळ्याचे पाणी? त्याला कोणी हात लावू शकला नाही. १९२६ साली बोले यांनीच पुन्हा उभे राहून, जी नगरपालिका हा ठराव पाळणार नाही तिची सरकारी मदत बंद करावी, असा दुसरा ठराव आणला. तरीही तळे तसेच राहिले. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पाठोपाठ हजारो माणसे चालत तळ्यावर गेली आणि कायदेमंडळातील शब्द पाण्यास लागला की नाही, हे त्यांनी ओंजळीने तपासले. पुढे मारहाण झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल लागला तेव्हा कुठे त्या पाण्यावरचा हक्क कायद्याने पक्का झाला. १९२३ ते १९३७ असा चौदा वर्षांचा हा पाठपुरावा आहे. प्रतिनिधीच्या शब्दाचा हिशेब कसा ठेवावा, याचा याहून मोठा पाठ हिंदुस्थानातील दुसऱ्या कोणत्या गावाने घालून दिला असेल तर आम्हांस तो माहीत नाही.

या कसोटीने पाहिले तर महाड-पोलादपूरच्या आजच्या प्रश्नांचे काय दिसते? येथील डोंगर पावसाळ्यात खाली येतात. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या आणि दोनशेच्या घरात माणसे गाडली गेली. दासगावची काही कुटुंबे पुढे अनेक वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली. तळियेची बातमी दिल्लीस पोचली तेव्हा पावसाळी अधिवेशनाचा पहिलाच आठवडा होता. त्या अधिवेशनात लोकसभेचे कामकाज गोंधळापायी ठरलेल्या वेळेच्या पंचमांशाच्या आसपासच झाले. कोकणातला पाऊस आणि संसदेचे पावसाळी अधिवेशन एकाच सुमारास येतात हा एका अर्थी सुयोग म्हणावयाचा. डोंगर खचतो त्या वेळी सभागृह भरलेले असते. ते चालू असते असे मात्र नाही.

या विषयात राज्याचे काय आणि केंद्राचे काय, याचा घोळ करून ठेवणे दोन्हीकडच्या प्रतिनिधींस सोयीचे असते. दरडग्रस्तांना घरे देणे राज्याचे काम आहे. ते आमदारास विचारावे. परंतु कोणता डोंगर खचण्याजोगा आहे याचे नकाशे तयार करणे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे काम आहे, आणि ही संस्था केंद्राच्या खाण मंत्रालयाखाली येते. मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय आहे. पण पनवेलपासून इंदापूरपर्यंतचा पट्टा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्यापुढचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, अशी वाटणी झाली. २०११ पासून रखडलेल्या या रस्त्याच्या चौपदरीकरणाची जबाबदारी एकमेकांकडे ढकलण्यास ही वाटणी किती उपयोगी पडली, हे गणपतीस गावी जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्यास विचारावे. पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना तर सर्वस्वी केंद्राची. गाडगीळ आणि कस्तुरीरंगन समित्यांच्या अहवालांनंतर २०१४ साली तिचा पहिला मसुदा निघाला. ३१ जुलै २०२४ रोजी सहावा निघाला. महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात यावयाचे, आणि महाड-पोलादपूरकडची अनेक गावे यादीत आहेत. दहा वर्षांत सहा मसुदे! आपल्या गावात खाण निघू शकेल की नाही, मोठे बांधकाम होईल की नाही, हे ज्या कागदावर अवलंबून आहे तो कागद दशकभर मसुदाच राहतो. घाटातील गावांच्या दृष्टीने खासदाराने हाती घ्यावा असा याहून थोर विषय कोणता?

येथे संसदेतील एका उपेक्षित समितीचा उल्लेख करणे आम्हांस अगत्याचे वाटते. सरकारी आश्वासनांवर देखरेख ठेवणारी समिती लोकसभेने १९५३ सालीच, दादासाहेब मावळंकर सभापती असताना, स्थापन केली. मंत्री उत्तर देताना ‘प्रश्न विचाराधीन आहे’, ‘चौकशी चालू आहे’, ‘मी त्यात लक्ष घालीन’ असे जे गुळगुळीत शब्द वापरतात, त्या शब्दांची एक यादीच संसदेने करून ठेवली आहे. त्यांपैकी एखादा मंत्र्याच्या तोंडून निघाला की ते आश्वासन समजले जाते, त्याची नोंद होते आणि तीन महिन्यांत ते पुरे करून तसे निवेदन सभागृहापुढे ठेवावे लागते. मुदती वाढवून घेतल्या जातात, काही आश्वासने समितीच्या संमतीने सोडूनही दिली जातात, हे खरे. तरी ‘विचाराधीन’ या शब्दाला तारीख चिकटविणारी यंत्रणा आपल्यापाशी सात दशकांपासून आहे, हे किती मतदारांस माहीत आहे? खासदाराने किती वेळा तोंड उघडले यापेक्षा त्याच्या प्रश्नाने मंत्र्याच्या तोंडून किती आश्वासने काढली, आणि त्यांपैकी किती पुरी झाली, हा हिशेब मांडणे अधिक कष्टाचे खरे. पण तोच मांडण्याच्या लायकीचा आहे.

मतदानाचा हिशेब मात्र, कितीही मनात आणले तरी, फारसा ठेवता येत नाही. आपल्या लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. सभासदाने आग्रह धरला तरच मतविभागणी होते; एरवी कोण ‘होय’ म्हणाला आणि कोण ‘नाही’, याची नोंदच राहत नाही. त्यातच १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्वच धोक्यात येते. तेव्हा देशमुखांसारखा एखादा मनुष्य आज सभागृहात उभा राहिलाच, तर त्यास मंत्रिपदाबरोबर जागेवरही पाणी सोडण्याची तयारी ठेवावी लागेल. समित्यांचे कामकाजही बंद दाराआड चालते. तटकरे यांच्याकडे २०२४ साली पेट्रोलियम व नैसर्गिक वायू खात्याच्या स्थायी समितीचे अध्यक्षपद आले. तेथे ते काय विचारतात हे अहवालातून दिसेल तेवढेच. अशा कामाचे गुण कोष्टकात धरले जात नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगणे न्यायाचे होईल.

आणि खासदार निधी? १९९३ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही योजना प्रारंभी पाच लाखांची होती, ती २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटींवर गेली. गावोगाव बसथांब्यावर, समाजमंदिरावर, हातपंपावर खासदारांची नावे रंगविलेली दिसतात ती या योजनेची कृपा. कामे उपयोगी असतात, त्यांना आमचा विरोध नाही. पण या फलकांमुळे एक दृष्टिदोष निर्माण झाला आहे. ज्या माणसास देशाचे कायदे करण्यास आणि मंत्र्यांस जाब विचारण्यास पाठविले, त्याचे मोल आपण त्याने बांधलेल्या शेडच्या पत्र्यांवरून करू लागलो. जिल्हा परिषदेच्या सभासदाचे काम खासदाराकडून करवून घेतले की खासदाराचे काम कोणाकडून करवून घ्यावयाचे?

कापड्याकडचे लोक मुंबईत राहतात आणि गाव उन्हाळ्यात व सणावारी भरते, ही तक्रार जुनी आहे. आम्हांस यातच एक सोय दिसते. गाव आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी माणसे आहेत, लिहिता-वाचता येणारी आहेत, आणि मुंबईकर मंडळ नाही असे गाव पोलादपूर तालुक्यात शोधूनच काढावे लागेल. या मंडळांनी वर्षातून एकदा क्रिकेटचे सामने आणि सत्यनारायण यांबरोबर एक वही ठेवावी. त्या वहीत तारीख, विषय, खासदाराने विचारलेला प्रश्न, मंत्र्याचे उत्तर, उत्तरातील आश्वासन, आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत त्याचे काय झाले, एवढेच रकाने असावेत. हजेरीचा रकाना नसला तरी चालेल. नोंदी खासदाराची खोड काढण्यासाठी ठेवावयाच्या नाहीत. ज्या प्रश्नाला चांगले उत्तर मिळाले तोही तितक्याच काळजीने उतरून घ्यावयाचा. आजचा खासदार उद्या मंत्री झाला तर त्या दिवसापासून वहीत दुसऱ्या कोणत्या सभासदाकरवी प्रश्न विचारावयाचे, हेही लिहून ठेवावे. सावित्रीच्या पुलाच्या वेळी अशी तजवीज कोणाजवळ नव्हती.

एक अडचण राहते ती भाषेची. लोकसभेत मराठीत बोलण्यास मुभा आहे. परंतु प्रश्नोत्तरे प्रसिद्ध होतात ती इंग्रजीत आणि हिंदीत. मंत्रालयाच्या इंग्रजीतून ‘कार्यवाही प्रगतिपथावर आहे’ आणि ‘काहीही झालेले नाही’ यांतील फरक काढणे भल्याभल्यांस साधत नाही. महाड येथे कॉलेज आहे, आणि निवृत्त शिक्षकांची या भागात वाण नाही. सभासदाने सूचना दिल्यापासून उत्तर येईपर्यंत निदान पंधरा दिवस लागतात, आणि हिवाळी अधिवेशन बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस वा डिसेंबरात भरते. तेव्हा पोलादपूरचे प्रश्न दिवाळीच्या सुटीत लिहून खासदारांकडे पोचले पाहिजेत. पहिला प्रश्न आम्हीच सुचवितो: भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पोलादपूर आणि महाड तालुक्यांतील कोणत्या वाड्या धोक्याच्या ठरविल्या आहेत, आणि त्या वाड्यांची नावे त्या त्या ग्रामपंचायतीस कोणत्या तारखेस कळविली? उत्तर आले की ते मराठीत करून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावे. आणि ज्या वाड्यांची नावे त्यात असतील, त्या वाड्यांतील माणसांस ते जूनपूर्वी घरोघर जाऊन वाचून दाखवावे.